एमआरआयमध्ये 'मेंदू आकसलाय' असं आलं, तर घाबरायचं किती?

तापीकाठ

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांपेक्षा एमआरआयचे रिपोर्ट जास्त फिरतात. चोपड्याच्या मोठ्या काकांना चक्कर आली म्हणून काढला. शिरपूरच्या आत्याचा डोकेदुखीसाठी. आणि आमचे आप्पा नावं विसरायला लागलेत, मध्ये एकदा सायकल बाजारातच ठेवून पायी घरी आले, म्हणून त्यांचा. तिघंही सत्तरीच्या पुढचे. तिघांच्या रिपोर्टात खाली जवळजवळ एकच ओळ: 'एज-रिलेटेड सेरेब्रल ॲट्रॉफी, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड १.' म्हणजे वयामुळे मेंदू थोडा आकसलाय आणि बारीक रक्तवाहिन्यांचा जुना त्रास दिसतोय.

आता काका रमीत अजून कोणाला जिंकू देत नाहीत, आणि कपाशीच्या प्रत्येक वेचणीचा हिशेब त्यांना तोंडपाठ. आत्याला अख्ख्या तालुक्यातल्या सोयरिकी पाठ. आप्पा मात्र खरंच विसरतात. फोटो एकसारखा आणि माणसं तीन तऱ्हेची! मग या फोटोत आजार दिसतो की नुसतं वय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेंदूच्या स्कॅनवरचं हे सगळं संशोधन गोऱ्या, शिकलेल्या, शहरी लोकांच्या डोक्यांवर झालंय. वावरात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. जाणकारांनी खोडून काढावं, ऐकायला तयार आहे.

निवांत_जिभाऊ

माझाही असाच आला. घरी वाचून दाखवला तर ही म्हणाली, "आकसायला मुळात होता का?"

शिरपूरची_डॉक्टरीण

मी न्यूरॉलॉजीत शिकतेय, सध्या मुंबईत. न तपासता कोणाचं निदान करणार नाही, सर्वसाधारण सांगते.

वय वाढतं तसा मेंदू आकसतो, प्रत्येकाचा. कपाळामागचा भाग जरा लवकर, बाकीचा मागून. मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या होतात, वरच्या घड्यांमधल्या भेगा रुंदावतात. सत्तरीच्या माणसाच्या फोटोत हे दिसलं नाही तरच आश्चर्य. म्हणून रेडिओलॉजिस्ट 'एज-रिलेटेड' लिहितो, आणि तो शब्द खरं तर धीर देण्यासाठी असतो. लोक नेमका तोच सोडून 'ॲट्रॉफी' वाचतात.

संशोधनात जास्त लक्ष असतं हिप्पोकॅम्पसकडे. कानाच्या आतल्या अंगाला खोलवर असलेला हा छोटा भाग नव्या आठवणी साठवायला लागतो. उतारवयात निरोगी माणसातही तो वर्षाला साधारण एक ते दोन टक्के घटतो. अल्झायमरमध्ये तीन ते पाच टक्के. म्हणजे फरक वेगात आहे, आणि एका फोटोतून वेग कळत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने त्याच मशीनवर दुसरा काढला तर कळतो. शिवाय 'मेंदू आकसलाय' या ओळीत कुठला भाग आकसलाय हेच नसतं. आप्पांच्या डॉक्टरांना विचारा, हिप्पोकॅम्पसची शेल्टन्स श्रेणी किती आहे. ती ० ते ४ अशी असते आणि वयाप्रमाणे वाचायची असते.

फाझेकास म्हणजे पांढऱ्या डागांची प्रतवारी, १९८७ पासून वापरात आहे. ० ते ३. ग्रेड १ म्हणजे इकडेतिकडे चार ठिपके, साठीनंतर अगदी सर्रास. ग्रेड ३ मध्ये ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे होतात. तेव्हा चाल मंदावते आणि विचारही. हे बहुतेक बीपीचं आणि साखरेचं देणं असतं.

ठिबक_बापू

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आमच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या पांढऱ्या भागात रक्ताच्या नळ्या लांब आणि बारीक, आपल्या ठिबकच्या लॅटरलसारख्या. मोटर चालू, मेन लाइन ठणठणीत, पण शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचत नाही. ओळीच्या टोकाची झाडं आधी सुकतात. स्कॅनमधले पांढरे ठिपके म्हणजे ती टोकाची झाडं. बरोबर ना?

कळण्याची_भाकर

बापू, ठिबक चोक झालं की आपण ॲसिड सोडतो. डोक्यात काय सोडायचं?

शिरपूरची_डॉक्टरीण

@ठिबक_बापू, वॉर्डात वापरेन हे, परवानगी द्या.

@कळण्याची_भाकर, सुकलेलं परत हिरवं करायला काही नाही. पुढची झाडं वाचवता येतात. स्प्रिंट माइंड नावाचा मोठा अमेरिकी अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटात सौम्य विस्मरण कमी लोकांना झालं, आणि एमआरआयमध्ये पांढरे डागही कमी वाढले. म्हणजे रोजची बीपीची गोळी न चुकवता. 'आज बरं वाटतंय' म्हणून गोळी टाळणारे आपल्याकडे घराघरांत आहेत. मात्र १२० चं लक्ष्य प्रत्येक म्हाताऱ्याला झेपतंच असं नाही, चक्कर येऊन पडतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

सावद्याची_सून

स्कॅनला नावं ठेवणाऱ्यांसाठी आमच्या सासऱ्यांची गोष्ट.

केळीच्या बागेत चिखलावरून घसरले, डोकं बांधावर आपटलं. रक्त नाही, टेंगूळ नाही, उठून कामाला लागले. घरात कोणी लक्षात ठेवलं नाही. महिना-दीड महिन्याने दिवसभर झोपायला लागले, बोलताना अडखळायचे, धोतरात लघवी व्हायला लागली. सगळे म्हणाले, वय झालं, म्हातारचळ लागला. नणंद तर म्हणाली आता भागवत सप्ताह घालू. माझा भाऊ कंपाउंडर आहे, त्याने हट्ट धरून जळगावला नेलं. साधा सीटी स्कॅन, पाच मिनिटांचं काम. कवटीच्या आत मेंदूवर जुनं पातळ रक्त साचून मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. कवटीला भोक पाडून ते काढलं. आज पुन्हा बागेत जाऊन मजुरांवर ओरडतात.

सप्ताहही घातला, तो नवसाचा म्हणून.

शिरपूरची_डॉक्टरीण

@सावद्याची_सून, +१००. याला सबड्युरल म्हणतात. विसरभोळेपणात पहिला स्कॅन काढायचा तो यासाठी: रक्त, गाठ, पाणी. अल्झायमर सिद्ध करायला नाही, दुरुस्त होणारं काही सुटू नये म्हणून. मेंदूत पाणी साचण्याचा एक प्रकार असतो, त्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसरणं हे त्रिकूट दिसतं. नळी बसवून अनेकांना फरक पडतो, विशेषतः चालण्यात. आणि स्कॅनच्या आधी किंवा सोबत बी-१२ आणि थायरॉइड तपासा. माळकरी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते.

गणिती_पारोळा

सगळे स्कॅनच्या प्रेमात पडण्याआधी एक थंड पाण्याचा तांब्या.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्याच्या सोबत्यांनी फंक्शनल एमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या) एक सामन मासा ठेवला. मेलेला, बाजारातून आणलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसाच्या मनात काय चाललंय? मापं घेतली तर माशाच्या मेंदूत हालचाल 'दिसली'! कारण मेंदूचे हजारो ठोकळे पाडून प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली, की योगायोगाने काही ठोकळे पेटलेले दिसतातच. त्याची गणिती दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. तेव्हा 'हनुमान चालिसा म्हणताना मेंदूचा हा भाग उजळतो' छापाचे रंगीत फोटो फॉरवर्ड करण्याआधी मासा आठवावा.

दुसरं. शोधनिबंधातलं वाक्य असतं, 'गटाची सरासरी अशी आली.' हजार लोकांत सरासरी फरक दिसला म्हणून तुमच्या आप्पांच्या एका फोटोवरून आप्पांचं भविष्य निघत नाही. दोन्ही गट एकमेकांवर इतके चढलेले असतात, की मधल्या पट्ट्यात निरोगीही सापडतात आणि आजारीही. @तापीकाठ, तुमचे काका, आत्या आणि आप्पा त्याच पट्ट्यातले.

निवांत_जिभाऊ

मेलेला मासा विचार करतो आणि आमच्या पतसंस्थेचं संचालक मंडळ जिवंत असून करत नाही.

फौजदारी_डाळ

जिभाऊ, त्यांचा स्कॅन काढा, पण गणिती दुरुस्ती करू नका. तेवढंच काहीतरी दिसेल.

पुणे_हिंजवडी

मी अठ्ठेचाळीसचा. आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. आमच्या इकडे चेकअप पॅकेजमध्ये ब्रेन एमआरआय मिळतो, सोबत 'तुमच्या मेंदूचं वय' सांगणारा एआय रिपोर्ट. काढून घ्यावा म्हणतो. लवकर कळलं तर चांगलंच ना?

गणिती_पारोळा

कळून करणार काय? संगणकाला हजारो लोकांचे स्कॅन आणि वयं शिकवतात, मग तो नव्या फोटोवरून वय ओळखतो. चूक सहज चार-पाच वर्षांची होते. अठ्ठेचाळीसचा तुम्हाला त्रेपन्न सांगितला की रात्रीची झोप जाणार, आणि झोप न होणं मेंदूला खरोखर वाईट.

शिरपूरची_डॉक्टरीण

इथे मी गणितींच्या बाजूने. लक्षण नसताना एमआरआय काढला की भलतंच काहीतरी सापडतं: निरुपद्रवी गाठ, जन्मापासूनची पिशवी, एखादा फुगलेला रक्तवाहिनीचा कोपरा. मग त्याच्या मागे पुढचे स्कॅन. संशोधनात 'मेंदूचं वय' हे माप उपयोगी आहे, गट तुलनेला घेताना. दवाखान्यात एकट्या माणसाला सांगायला अजून कच्चं आहे. हिंजवडीकर, ते पैसे बीपीच्या मशीनवर आणि चालायच्या बुटांवर घाला. २०११ मध्ये एरिक्सन वगैरेंनी १२० ज्येष्ठांवर अभ्यास केला होता. वर्षभर नियमित झपाझप चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला, नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला.

पुणे_हिंजवडी

आईला शेवटची वर्षं कशी गेली ते पाहिलंय, त्यामुळे 'कळून करणार काय' हे मला पटत नाही. माणसाला मृत्युपत्र करायचं असतं, पैशाची सोय लावायची असते. बूट घेतो, ते वेगळं.

गणिती_पारोळा

मृत्युपत्राला स्कॅन लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. पण तुमचं दुखणं समजलं, जास्त वाद घालत नाही.

गिरणाकाठची

एक शंका. कोणी म्हणतं अल्झायमर फक्त मेल्यावर मेंदू कापून कळतो, कोणी म्हणतं पेट स्कॅनमध्ये कळतो. खरं काय?

शिरपूरची_डॉक्टरीण

दोन्ही, आपापल्या काळात. १९०६ मध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या बाईंचा मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना पेशींच्या बाहेर प्रथिनाचे गोळे आणि आत गुंते दिसले. पुढे जवळजवळ शंभर वर्षं खात्री करायचा तोच मार्ग होता. सीटी १९७१ मध्ये आला, एमआरआय त्यानंतर, पण दोघांनाही हे गोळे दिसत नाहीत. मग २००४ मध्ये पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी या गोळ्यांच्या प्रथिनाला, अमायलॉइडला, चिकटणारं किरणोत्सारी औषध माणसांत वापरून ते पेट स्कॅनमध्ये दाखवलं. जिवंत माणसाच्या मेंदूतले गोळे चित्रात स्पष्ट दिसायला लागले. आता गुंत्यांच्या प्रथिनासाठी, टाऊसाठीही पेट आहे.

यातूनच चक्रावणारी गोष्ट कळली. गोळे साठायला लागतात विसरभोळेपणाच्या पंधरा-वीस वर्षं आधी. आधी अमायलॉइड, मग टाऊ, मग आकसणं, आणि सगळ्यात शेवटी घरच्यांच्या लक्षात येणारं विसरणं. क्लिफर्ड जॅक यांनी २०१० मध्ये हा क्रम मांडला. आणि दुसऱ्या टोकाला, गोळे भरपूर असून डोकं चोख असलेली माणसंही निघाली. डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या ६७८ नन्सचा अभ्यास केला, त्यातल्या एक सिस्टर मेरी १०१ व्या वर्षीपर्यंत चाचण्यांत चांगले गुण मिळवत होत्या. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर गोळे आणि गुंते खच्चून.

@तापीकाठ, तुमच्या तीन माणसांचं कोडं मोठ्या प्रमाणावर हेच आहे. काही मेंदूंकडे गंगाजळी जास्त असते. नुकसान तेवढंच होतं, पण ते काम भागवून नेतात. ही गंगाजळी नेहमीच्या एमआरआयवर दिसत नाही. काकांची रमी आणि वेचणीचा हिशेब हाच त्यांचा रिपोर्ट समजा.

फिल्मवाला

मी एमआरआय टेक्निशियन, खान्देशातच. इतका वेळ नुसता वाचत होतो. मशीनच्या बाजूने थोडं.

फोटो काढताना माणूस हलला तर तो धुरकट येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते असं, की डोळ्याला कळणार नाही इतकं हललं तरी संगणकाच्या मापात मेंदूची वरची साल पातळ भरते. आणि जास्त हलतं कोण? म्हातारी माणसं आणि कंपवाताचे रुग्ण. म्हणजे ज्यांची साल मोजायची तेच हलणारे. 'बाबा, हलू नका' म्हणून मी दिवसभर ओरडतो ते उगाच नाही.

दुसरं पाणी. पाणी कमी प्यायलेल्या माणसाचा मेंदू स्कॅनवर खरोखर लहान भरतो. जर्मनीत हे तपासलंय: सोळा तास पाणी न पिता मोजलं तर सुमारे अर्धा टक्का कमी, पाणी प्यायल्यावर पुन्हा भरून आला. आमच्याकडे मे महिन्यात रावेर-यावलहून एसटीने उन्हात येतात, कोणी सांगितलेलं असतं उपाशी या म्हणून पाणीसुद्धा नाही. अर्धा टक्का म्हणजे कित्येक म्हाताऱ्यांचं वर्षभराचं आकसणं. डोळ्याने पाहणाऱ्या डॉक्टरला हे जाणवणार नाही, पण दोन स्कॅनची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळी पोटभर पाणी पिऊन जा. इंजेक्शन द्यायचं नसेल तर साध्या डोक्याच्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही.

तिसरं, धातू. पूर्वी वेल्डिंगचं काम केलंय का, डोळ्यात कीस गेला होता का, पेसमेकर आहे का, हे विचारतो तेव्हा खरं सांगा. मशीन 'बंद' दिसलं तरी चुंबक चोवीस तास चालू असतो. एका आजोबांच्या बंडीच्या आतल्या खिशातली तंबाखूची डबी मशीनने थेट ओढून घेतली होती. आजोबांना तंबाखूचं दुःख जास्त.

कळण्याची_भाकर

म्हणजे वैशाखात भुसावळमधला प्रत्येक मेंदू अर्धा टक्का कमी! आता कळलं आमच्याकडे उन्हाळ्यात लग्नं कशी जमतात.

फौजदारी_डाळ

आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी झोक्यावरून का उतरत नाहीत. आमरसाने मेंदू परत भरून येत असणार. यावर अनुदान मिळेल का?

डोंबिवलीकर_खान्देशी

'गोऱ्यांच्या डोक्यांवरचं संशोधन' हा मूळ मुद्दा कोणी धरलाच नाही. त्यात तथ्य आहे, पण अर्धवट.

तथ्य असं. २०२२ मध्ये जन्माआधीपासून शंभरीपर्यंतच्या मेंदूच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले, १,२३,९८४ स्कॅन वापरून. बाळाचं वजन जसं तक्त्यावर पाहतात तसे मेंदूचे. त्यांच्या कर्त्यांनीच लिहिलंय, की यात युरोप आणि उत्तर अमेरिकेचा भरणा जास्त आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकने एक लाख माणसांचे स्कॅन पूर्ण केले, तेही तिथल्याच लोकांचे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुणांवरून मेंदूचा नकाशा बनवला, तेव्हा आपले मेंदू लांबी-रुंदी-उंचीला आणि एकूण आकाराला पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीने लहान निघाले. (जिभाऊ, थांबा. आकाराचा अकलेशी संबंध नाही.) मग परदेशी सॉफ्टवेअरने आपला आकडा काढला तर 'आकसलेला' येण्याची शक्यता वाढणारच.

अर्धवट अशासाठी, की खेड्यातल्या माणसांवरचं काम आपल्याच देशात चालू आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या आवारात सेंटर फॉर ब्रेन रिसर्च आहे. त्यांनी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यातली खेडी घेतलीत. पंचेचाळीसच्या पुढची, डोकं चांगलं असलेली दहा हजार माणसं हे लक्ष्य. वर्षानुवर्षं त्याच माणसांची स्मरणाची चाचणी, रक्त, जनुकं आणि मेंदूचा एमआरआय. कोरडवाहू, आंबा पिकवणारा, शेतकऱ्यांचा भाग. आपल्या यावल-अमळनेरहून फार वेगळा नाही.

तापीकाठ

@डोंबिवलीकर_खान्देशी, हे माहीत नव्हतं. मग असं काही खान्देशात का नाही? आपल्याकडे सपाटीवर केळी-कपाशीवाले आहेत, सातपुड्यात पावरा-भिल्ल वस्ती आहे, धुळ्या-जळगावला शासकीय मेडिकल कॉलेज आहे.

डोंबिवलीकर_खान्देशी

पैसा, आणि पंधरा-वीस वर्षं एकाच गावात टिकून राहणारी माणसं. मशीन हा त्यातला सोपा भाग. एकदा स्कॅन काढणं म्हणजे शिबिर. त्याच माणसाला पुन्हा पुन्हा बोलावणं म्हणजे अभ्यास. ऊसतोडीला आणि कामासाठी सुरतेला जाणाऱ्या गावांत ते किती अवघड आहे, बघा.

अहिराणी_आंडोर

हैदराबादवरून आठवलं. डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचा २०१३ चा अभ्यास. डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण पाहिले. दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला, म्हणजे हा नुसता शिक्षणाचा प्रताप नव्हे. मन्ही माय घरमा अहिराणी बोलस, बाजारमा मराठी, आणि शेजारच्या मारवाडी बाईशी हिंदी. ऐंशीची आहे, बठ्ठं ध्यानमा शे! आणि आमची शहरातली पिढी पोरांशी फक्त इंग्रजी झाडते. अहिराणी बोला, डोकं वाचवा.

केळीवाला_फैजपूर

आमच्या लेवा गणबोलीला पण मोजा. अहिराणीवाले नेहमी अख्खा खान्देश आपल्या नावावर करतात.

अहिराणी_आंडोर

मोजली. तुमच्यामुळे मेंदूला तिसरी भाषा मिळाली.

गणिती_पारोळा

रंगाचा बेरंग करतो. द्विभाषिकांना फायदा दिसला नाही असेही अभ्यास आहेत, इतर देशांतले. दोन भाषा बोलणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असतात: फिरतात जास्त, माणसांत जास्त असतात. अहिराणी जरूर बोला. डिमेन्शिया टाळण्यासाठी बोलू नका, गोड आहे म्हणून बोला.

गिरणाकाठची

धागा छान चाललाय, पण घरात हा आजार असलेली बाई म्हणून थोडं कडू लिहिते.

माझी सासू. एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या मुलाला म्हणाली, "तू कोना आंडोर शे रे भाऊ?" म्हणजे तू कोणाचा मुलगा? तो हसला आणि मागच्या अंगणात जाऊन रडला. त्यानंतर आम्ही सगळं केलं. एमआरआय केला, मुंबईला नेऊन साखरेचा पेट केला. त्यात कानामागचा आणि कानावरचा भाग साखर कमी खातोय असं निघालं, अल्झायमरशी जुळणारं. डॉक्टरांनी जे तोंडी बोलून आणि घड्याळाचं चित्र काढायला लावून आधीच सांगितलं होतं, तेच रंगीत कागदावर मिळालं. पैसे गेले त्याचं नाही. त्या प्रवासात ती इतकी भांबावली, की परत आल्यावर आठवडाभर रात्री दार वाजवत होती, "माले घर जाऊ द्या."

आमच्या घरात फरक पडला तो साध्या गोष्टींनी. कानाचं मशीन बसवलं. संडासच्या दाराला वेगळा रंग दिला. दाराची कडी वर नेली. दुपारी तिला तांदूळ निवडायला देतो, निवडलेलेच पुन्हा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे निदान कोणी ऐकून घेतं. परदेशात नवी औषधं आलीत म्हणतात, त्याबद्दल डॉक्टरीणबाई सांगतील का?

शिरपूरची_डॉक्टरीण

ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या ओपीडीत लावण्यासारखा आहे.

लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. दोन्ही अमायलॉइड धुऊन काढतात, पेटमध्ये ते स्पष्ट दिसतं. पण चित्र जितकं स्वच्छ होतं तितका माणूस सुधारत नाही. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, उलटली नाही. फक्त सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांना, सलाइनमधून, आणि अधूनमधून एमआरआय काढत. कारण साधारण आठातल्या एकाच्या मेंदूला सूज दिसली, काहींना बारीक रक्तस्रावही. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, थोड्यांना गंभीर झाला. तुमच्या सासूबाईंच्या अवस्थेत ही औषधं देत नाहीत. त्यामुळे काही राहून गेलं असं मनात आणू नका.

कानाचं मशीन बसवलंत हे मात्र फार मोलाचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणं मोजली, ज्यांच्यावर काम केलं तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. त्यात बहिरेपण आहे, तेही मध्यम वयातलं. जिनिंगमध्ये आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्यांनी पन्नाशीतच कान तपासावेत.

पुणे_हिंजवडी

आणि अल्झायमर ओळखायची ती नवी रक्ताची तपासणी?

शिरपूरची_डॉक्टरीण

पी-टाऊ २१७, म्हणजे त्याच टाऊ प्रथिनाचा एक प्रकार रक्तात मोजायचा. मे २०२५ मध्ये अमेरिकेत त्यावर आधारलेल्या एका रक्तचाचणीला परवानगी मिळाली. लक्षणं असलेल्यांसाठी. हिंजवडीकर, तुम्ही नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत इतकं वाचलं, की माझाच हिप्पोकॅम्पस फुगला असेल.

आप्पांना काल जळगावला दाखवलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून मिनिटभर पाहिली आणि नंतर बराच वेळ त्यांच्याशीच बोलत बसले. आज वार कुठला, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आप्पांनी काटे बरोबर काढले, वजाबाकीत अडकले, तीन शब्दांतले दोन विसरले. रात्री झोप कशी आहे, आई गेल्यापासून जेवण कसं आहे, हेही विचारलं. यातलं आम्ही घरी कधी विचारलंच नव्हतं. बी-१२, थायरॉइड, साखर पाठवलंय, कान तपासायला सांगितलंय. सहा महिन्यांनी पुन्हा याच चाचण्या. दुसरा एमआरआय गरज पडली तरच, आणि त्याच मशीनवर.

मूळ मुद्द्यावर मी अजून निम्मा ठाम आहे. कोलारचं काम वाचून बरं वाटलं, पण काका आणि आत्याला 'ॲट्रॉफी' शब्दाने जो घोर लावला तो काही कमी नाही. आत्याने तर दागिने वाटून टाकायला घेतलेत.

सावद्याची_सून

आत्याला सांगा, वाटताना कोणाला काय दिलं ते लिहून ठेव. पाठ असेल तर मेंदू शाबूत आहे.

फौजदारी_डाळ

आणि भांडण झालं तर भाच्यांचेही शाबूत आहेत.

निवांत_जिभाऊ

@फिल्मवाला, माझा गुडघ्याचा एमआरआय ठरलाय पुढच्या मंगळवारी. वरचा एक दात सोन्याचा आहे. ओढला जाईल का? आणि कमरेच्या करगोट्याचं काय?

फिल्मवाला

सोनं चुंबकाला चिकटत नाही, दात जागेवर राहील. तरी आत जाण्याआधी तिथल्या माणसाला सांगा. करगोट्यात पेटी-ताईत किंवा किल्ली ओवलेली असेल तर घरीच सोडून या. आणि जिभाऊ, चुन्याची डबी.